मोहफुलाचा सडवा, झायमोमोनास आणि मेम्ब्रेन: इथेनॉल वेगळं करण्याचं खरं गणित

मार्चच्या शेवटी मोहर्लीला गेलात तर सफारीच्या जिप्सी गेटवर लागायच्या आधीच गावातली माणसं जंगलाच्या कडेला पोचलेली असतात. मोहाची फुलं रात्री उशिरा ते पहाटे गळतात. उन्हं वर आली की ती सुकायला लागतात, शिवाय रानडुकरं, चितळं आणि अस्वलंही त्यांच्यावर टपलेली असतातच. म्हणून अंधार असतानाच टोपली घेऊन झाडाखाली बसावं लागतं. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ताडोब्याच्या बफरमध्ये दर मोहाच्या हंगामात हल्ल्याच्या बातम्या येतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

हे आधी सांगायचं कारण असं की, आजचा विषय इथेनॉल आहे आणि इथेनॉलवरच्या लेखांत कच्चा माल नेहमी 'सहज उपलब्ध' असतो. सिनॉप्सिसमध्ये आपण सगळेच लिहितो, 'स्थानिक, स्वस्त आणि मुबलक'. मोहफूल स्थानिक आहे. स्वस्त आणि मुबलक हे शब्द लिहिण्याआधी मात्र वेचणाऱ्याची पहाट आठवा. किलोभर सुकी फुलं म्हणजे कोणीतरी वेचलेली चारेक किलो ओली फुलं. त्यातून निघणारा प्रत्येक थेंब वाया न घालवता कसा काढायचा, हा म्हणून नुसता तांत्रिक प्रश्न राहत नाही.

या लेखात आपण एकच प्रक्रिया नीट समजून घेऊ: बॅक्टेरियाने साखर आंबवायची आणि तयार होणारं इथेनॉल मेम्ब्रेनमधून सतत बाहेर काढत राहायचं. पीएचडीच्या प्रवेशासाठी किंवा मुलाखतीसाठी तयारी करत असाल, तर या एका उदाहरणात सूक्ष्मजीवशास्त्र, रासायनिक अभियांत्रिकी आणि प्रयोगाची आखणी, तिन्ही गोष्टी येतात. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

आधी गोळाबेरीज

सुक्या मोहफुलात वजनाच्या साधारण ६० ते ७० टक्के साखर असते. मुख्यतः ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज. आपण ६० टक्के धरू. म्हणजे १ किलो सुक्या फुलात ६०० ग्रॅम साखर.

आता समीकरण. एका ग्लुकोजपासून दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड. वजनात, १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. ९२ भागिले १८० म्हणजे ०.५११. ही कमाल मर्यादा. कोणी तुम्हाला ग्रॅममागे ०.५५ ग्रॅम उत्पादन मिळाल्याचं सांगितलं, तर एकतर साखर मोजताना चूक झाली आहे किंवा इथेनॉल मोजताना.

६०० गुणिले ०.५११ म्हणजे ३०७ ग्रॅम. प्रत्यक्षात ९० टक्के कार्यक्षमता धरली तर २७६ ग्रॅम. इथेनॉलची घनता ०.७८९, म्हणजे साधारण ३५० मिलिलिटर. एक किलो फूल, साडेतीनशे मिलिलिटर इथेनॉल. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

एक किलो फुलं पाच लिटर पाण्यात घेतली तर सडव्यात शेवटी साधारण ५ टक्के इथेनॉल होईल. पुढची सगळी गणितं या ५ टक्क्यांवर करू.

यीस्ट सोडून बॅक्टेरिया कशाला?

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या यीस्टवर चालतात. मळीतले क्षार, चढउतार, जंतुसंसर्ग हे सगळं यीस्ट निमूट सहन करतं. मग झायमोमोनास मोबिलिस या बॅक्टेरियाचं नाव पेपरांमध्ये सारखं का येतं?

कारण तो आळशी आहे, आणि इथे आळस फायद्याचा आहे. यीस्ट एका ग्लुकोजमधून दोन एटीपी कमावतं. झायमोमोनास एंटनर-डाउडोरॉफ नावाच्या वेगळ्या मार्गाने साखर फोडतो आणि त्याला एकच एटीपी मिळतो. कमाई निम्मी, त्यामुळे स्वतःचं शरीर वाढवायला ऊर्जा कमी. जगण्यासाठी त्याला भराभर साखर फोडत राहावं लागतं. परिणाम असा की पेशींचा गाळ कमी, इथेनॉल जास्त आणि वेगही जास्त. शुद्ध ग्लुकोजवर तो कमाल मर्यादेच्या ९५ टक्क्यांच्या वर जातो.

हा जीव मुळात आंबवलेल्या रसांतलाच. मेक्सिकोतल्या पुल्के या पेयातून १९२०च्या दशकात पॉल लिंडनर यांनी तो वेगळा केला. २००५ साली त्याच्या झेडएम४ या वाणाचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. काम करायचं असेल तर वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीतून मागवायचे असतात. कोणाच्या फ्रीजमधली 'झायमोमोनास' असं लिहिलेली नळी घेऊन सुरुवात करू नका.

तोटेही तेवढेच ठळक आहेत. हा जीव फक्त ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज खातो. सुक्रोज असेल तर लेव्हान नावाचा चिकट पदार्थ आणि सॉर्बिटॉल तयार होऊन थोडी साखर वाया जाते. उसाच्या मळीत सुक्रोजही भरपूर आणि क्षारही भरपूर, म्हणून तिथे त्याचं जमत नाही. मोहफुलात ग्लुकोज-फ्रुक्टोजचा वाटा चांगला असतो, म्हणून जोडी जुळण्याची शक्यता जास्त. मुलाखतीत 'हाच जीव का?' असं विचारलं तर हे उत्तर द्या. 'पेपरमध्ये वापरलाय म्हणून' हे उत्तर देऊ नका.

स्वतःच्याच इथेनॉलमध्ये गुदमरणं

इथेनॉल वाढत गेलं की पेशीचं आवरण ढिलं पडतं, आतले घटक बाहेर झिरपतात, एन्झाइम मंदावतात. झायमोमोनासच्या आवरणात होपॅनॉइड नावाचे मेदासारखे रेणू असतात, त्यामुळे तो बॅक्टेरियांमध्ये बराच दमदार आहे. पण त्यालाही हद्द आहे.

सोपं मॉडेल असं: वाढीचा वेग = कमाल वेग × (१ − इथेनॉल ÷ मर्यादा). मर्यादा लिटरमागे १०० ग्रॅम आहे असं समजू. मग इथेनॉल ५० ग्रॅमवर पोचलं की वाढ निम्म्यावर येते, ८० ग्रॅमवर एक पंचमांश उरते. म्हणजे शेवटची साखर संपवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

इथून मूळ कल्पना निघते. इथेनॉल तयार होईल तसं बाहेर काढत राहिलो, तर जीव ताजातवाना राहील, जास्त साखर घालता येईल आणि टाकी लहान पुरेल. कल्पना बरोबर आहे. प्रश्न फक्त 'बाहेर काढायचं कसं' एवढाच आहे.

मेम्ब्रेनची दोन कामं: गल्लत करू नका

पहिलं काम पेशी अडवण्याचं. मायक्रोफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनला मायक्रॉनच्या अंशाएवढी छिद्रं असतात. पाणी, साखर, इथेनॉल सगळं पार जातं, फक्त पेशी मागे राहतात. त्या टाकीत परत पाठवल्या की पेशींची घनता वाढते आणि वेगही वाढतो. १९८०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात पीटर रॉजर्स यांच्या गटाने झायमोमोनासवर हे करून लिटरमागे ताशी १०० ग्रॅमच्या वर उत्पादकता दाखवली. साध्या बॅचमध्ये हा आकडा ताशी ५ ग्रॅमच्या आसपास असतो.

पण इथे इथेनॉल पाण्यातून वेगळं झालं नाही. ते आधी जेवढं पातळ होतं तेवढंच राहिलं.

दुसरं काम इथेनॉल निवडून बाहेर काढण्याचं. यासाठी परव्हेपोरेशन वापरतात. सिनॉप्सिसच्या शीर्षकात नुसतं 'मेम्ब्रेन सेपरेशन' लिहाल, तर मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत विचारतील, 'यापैकी कोणतं?'

परव्हेपोरेशन कसं चालतं

एक पातळ रबरी पडदा घ्या. एका बाजूने कोमट सडवा वाहतो, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम पंप. पडद्यात छिद्रं नाहीत. इथेनॉल आणि पाण्याचे रेणू आधी पडद्याच्या पदार्थात विरघळतात, मग त्यातून सरकत पलीकडे जातात आणि तिथे दाब कमी असल्याने वाफ होऊन निघून जातात. ही वाफ थंड करून पुन्हा द्रव करायची. साखर, क्षार, पेशी यांची वाफ होत नाही, त्यामुळे त्या अलीकडेच राहतात.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा पडदा म्हणजे पीडीएमएस, हे सिलिकॉन रबर आहे. ते पाण्याला नाखूश आणि इथेनॉलला राजी असतं, असं पाठ्यपुस्तक सांगतं. कामगिरी मोजायला 'अल्फा' म्हणजे विभाजन गुणांक वापरतात: पलीकडचं इथेनॉल-पाणी प्रमाण भागिले अलीकडचं इथेनॉल-पाणी प्रमाण. पीडीएमएससाठी अल्फा साधारण ७ ते १० मिळतो.

अल्फा ८ धरू. अलीकडे ५ भाग इथेनॉल, ९५ भाग पाणी, म्हणजे प्रमाण ०.०५२६. गुणिले ८ म्हणजे ०.४२१. पलीकडच्या द्रवात इथेनॉल ०.४२१ ÷ १.४२१, म्हणजे साधारण ३० टक्के. ५ टक्क्यांचे ३० टक्के झाले, तेही ३५ अंश तापमानाला, काही न उकळता. वाचायला फार छान वाटतं.

आता धक्का

हाच ५ टक्क्यांचा सडवा भांड्यात घेऊन उकळला आणि पहिली वाफ पकडली, तर त्या वाफेत किती इथेनॉल असतं? साधारण ३५ टक्के किंवा थोडं जास्तच. अल्फाच्या भाषेत १० ते ११.

पुन्हा वाचा. मेम्ब्रेन नसताना, नुसत्या बाष्पीभवनाने १० ते ११. मेम्ब्रेन लावल्यावर ८.

म्हणजे विभाजनाचं बहुतेक काम बाष्पीभवनच करतंय. पडद्याचा स्वतःचा वाटा काढायचा तर ८ भागिले १०.७, म्हणजे साधारण ०.७५. एकापेक्षा कमी! सारख्या बाष्पदाबावर पीडीएमएस पाण्याला इथेनॉलपेक्षा जास्त वाट देतं. २०१० साली बेकर, विज्मान्स आणि हुआंग यांनी 'जर्नल ऑफ मेम्ब्रेन सायन्स'मध्ये हाच मुद्दा मांडला: नुसता अल्फा सांगू नका, पडद्याची पारगम्यता आणि त्याची खरी निवडकता सांगा, नाहीतर बाष्पीभवनाचं श्रेय पडद्याला जातं. हा पेपर पीएचडीच्या पहिल्याच महिन्यात वाचा. मी दुसऱ्या वर्षी वाचला आणि त्याआधीचे माझे तीन आलेख पुन्हा काढावे लागले.

ऊर्जेचा हिशोबही करू. ३५ अंशाला एक किलो इथेनॉलची वाफ करायला साधारण ०.९२ मेगाज्युल लागतात, एक किलो पाण्याची करायला २.४२. आपल्याला पाण्याची वाफ फुकट नको आहे, पण ती सोबत येतेच.

अल्फा ८ (३० टक्के): प्रत्येक किलो इथेनॉलमागे साधारण ६.६ मेगाज्युल.
अल्फा २० (५१ टक्के): साधारण ३.२.
अल्फा ४० (६८ टक्के): साधारण २.१.

एक किलो इथेनॉल जाळलं तर सुमारे २६.८ मेगाज्युल मिळतात. म्हणजे अल्फा ८ असताना पाव ऊर्जा पहिल्याच टप्प्यात गेली आणि हातात आहे ३० टक्क्यांचं पाणचट इथेनॉल. अजून ऊर्ध्वपातनाचा स्तंभ बाकी. त्यातही ९५.६ टक्क्यांवर इथेनॉल आणि पाणी एकाच संघटनात उकळू लागतात, स्तंभ तिथे थांबतो. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्के लागतं, त्यासाठी मॉलिक्युलर सिव्ह किंवा पाणी शोषणारं दुसऱ्या जातीचं मेम्ब्रेन.

गंमत अशी की या शेवटच्या टप्प्यात परव्हेपोरेशन खरोखर यशस्वी झालं. जर्मनीच्या जीएफटी कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलीव्हिनाइल अल्कोहोलचा पाणीप्रेमी पडदा बाजारात आणला. तिथे ९५ टक्के इथेनॉलमधून ५ टक्के पाणी काढायचं असतं, थोड्याच पदार्थाची वाफ करावी लागते, म्हणून हिशोब जमतो. जो पदार्थ कमी आहे तो पडद्यातून काढायचा, हा नियम दोन्हीकडे तोच. फरक एवढाच की पाणी निवडणारे पडदे उत्तम आहेत आणि इथेनॉल निवडणारे अजून जेमतेम.

मग हे संशोधन करायचंच कशाला?

कारण फायदे आहेत, फक्त ते जिथे आहेत असं आपण समजतो तिथे नाहीत.

एक, जीव जिवंत राहतो. सडवा उकळला की झायमोमोनास मेला, जीवनसत्त्वं गेली. मेम्ब्रेनमधून काढलं तर तोच सडवा टाकीत परत जातो.

दोन, सगळा सडवा तापवावा लागत नाही. ५ टक्क्यांच्या सडव्यात एक किलो इथेनॉलमागे २० किलो द्रव असतो. तो ३० वरून ९५ अंशांवर न्यायला साधारण साडेपाच मेगाज्युल. मोठ्या कारखान्यात ही उष्णता परत मिळवतात, लहान युनिटमध्ये ती बहुतेक वाया जाते.

तीन, मग टाकीलाच व्हॅक्यूम का लावू नये? १९७०च्या दशकात तसे प्रयोग झाले. अडचण कार्बन डायऑक्साइडची. वजनात तो जवळपास इथेनॉलएवढाच तयार होतो आणि तो सगळा पंपाने ओढावा लागतो. मेम्ब्रेन मध्ये असलं की वायू टाकीच्या वरून आपोआप निघून जातो, पंपावर त्यातला थोडाच भार येतो.

चार, पडदे सुधारत आहेत. सिलिकालाइट-१ या झिओलाइटच्या पडद्यांनी साध्या इथेनॉल-पाणी मिश्रणात ४०च्या वर अल्फा दाखवला आहे. खऱ्या किण्वनाच्या द्रवात, विशेषतः आम्लं असताना, तो घसरतो. हा घसरण्याचा प्रश्न म्हणजे आजही उघडी असलेली संशोधनाची जागा.

क्षेत्रफळ: माझा फसलेला प्रयोग

पहिल्या वर्षी मी एक लिटरच्या फर्मेंटरला ४० चौरस सेंटिमीटरचा सपाट मेम्ब्रेन सेल जोडला. मेम्ब्रेनसह आणि मेम्ब्रेनशिवाय अशा दोन बॅच. निकालात काहीच फरक नाही. मी पडद्याला दोष दिला, मग वाणाला, मग पंपाला. जे करायला हवं होतं ते मी केलं नव्हतं: एका कागदावर पाच ओळींचं गणित.

ते असं. पडद्यातून एकूण प्रवाह समजा चौरस मीटरमागे ताशी ५०० ग्रॅम, त्यात ३० टक्के इथेनॉल, म्हणजे १५० ग्रॅम. ४० चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.००४ चौरस मीटर. १५० गुणिले ०.००४ म्हणजे ताशी ०.६ ग्रॅम. टाकीत इथेनॉल तयार होतंय ताशी ५ ग्रॅम. दहा तासांत ५० ग्रॅम तयार झाले आणि पडद्याने जास्तीत जास्त ६ ग्रॅम काढले. तेही ५ टक्क्यांचा प्रवाह धरून. सुरुवातीला इथेनॉल कमी असताना पडदा त्याहून कमी काढतो, म्हणजे प्रत्यक्षात तीनेक ग्रॅम. दोन पोत्यांतल्या फुलांच्या साखरेत यापेक्षा जास्त फरक असतो.

तोडीस तोड काढायचं तर ५ भागिले १५०, म्हणजे एका लिटरला ३३३ चौरस सेंटिमीटर लागतात. हजार लिटरला ३३ चौरस मीटर. प्रयोगाआधी हे गणित केलं असतं तर चार महिने वाचले असते. तुम्ही वाचवा.

चंद्रपूरचा उन्हाळा हाही एक घटक आहे

पेपरमधल्या 'प्रयोगशाळेचं तापमान २५ अंश' या ओळीवर आपण कधी थांबत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. झायमोमोनासला आवडतं ३० अंश. किण्वनात स्वतःची उष्णताही तयार होते. म्हणजे टाकी थंड ठेवायला वीज.

त्याहून मोठा प्रश्न वाफ थंड करण्याचा. पडद्यापलीकडे दाब फार कमी असतो, त्यामुळे ती वाफ साध्या नळाच्या पाण्याने द्रव होत नाही. दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड पाणी लागतं, म्हणजे चिलर. प्रयोगशाळेत आपण लिक्विड नायट्रोजनच्या ट्रॅपमध्ये वाफ पकडतो आणि त्या थंडाव्याचा खर्च पेपरमध्ये कुठेच येत नाही. तुमच्या हिशोबात तो आणा. परीक्षकाने विचारायच्या आधी तुम्हीच सांगितलेला बरा.

खरा सडवा आणि नकली सडवा

पाणी आणि इथेनॉल मिसळून केलेल्या द्रावणावरचे आकडे नेहमी देखणे येतात. मोहफुलाच्या द्रवात टॅनिन, रंगद्रव्यं, मेणासारखे पदार्थ, प्रथिनं आणि जमिनीवरून वेचल्यामुळे माती असते. हे पडद्यावर थर करतात आणि प्रवाह कमी होतो. शिवाय पडदा फक्त बाष्पशील पदार्थ काढतो, त्यामुळे क्षार आणि इतर गोष्टी टाकीत साठत जातात. काही भाग वेळोवेळी काढून टाकावाच लागतो.

आणखी एक. फुलांवर जंगली यीस्ट आणि लॅक्टिक बॅक्टेरिया भरपूर असतात. द्रव निर्जंतुक केला नाही, तर तुमच्या टाकीत काम कोण करतंय हे तुम्हालाच माहीत नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघा.

परवानगीचंही बघा. मोहफूल आणि इथेनॉल दोन्हींवर आपल्याकडे दारूबंदी कायद्याची नजर आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. 'मोहसडवा नष्ट' ही इथल्या वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी. संशोधनासाठी काम करताना संस्थेमार्फत राज्य उत्पादन शुल्क विभागाची रीतसर परवानगी घ्यायची. घरी प्रयोग अजिबात नाही.

हे कोणासाठी?

आता ते साडेतीनशे मिलिलिटर आठवा. २०२२-२३च्या पुरवठा वर्षात तेल कंपन्यांसाठी उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे ठरला होता. मोहफुलाच्या इथेनॉलला तोच दर मिळाला असं समजू. ०.३५ गुणिले ६५.६१ म्हणजे जवळपास २३ रुपये.

म्हणजे टाकी, पडदा, वीज, मजुरी, वाहतूक सगळं शून्य धरलं आणि सगळे पैसे वेचणाऱ्याच्या हातात ठेवले, तरी किलोमागे २३ रुपये. तुमच्या जवळच्या बाजारात सुक्या मोहफुलाचा भाव विचारा आणि तुलना करा. मग तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'आदिवासींचं उत्पन्न वाढेल' हे वाक्य पुन्हा वाचा.

मी स्वतः ते वाक्य काढून टाकलं. मोहफूल हे अन्न आहे. लाडू, भाकरी, जनावरांचं खाद्य, अडीनडीचा साठा. ते जाळण्यासाठी पेट्रोलमध्ये घालणं हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा आहे. मग मी अजून त्यावर काम का करते? कारण मोहफूल हा चांगला शिकवणारा कच्चा माल आहे: साखर तयार, जीवाला पटणारी, आणि पडद्याला त्रास देणारे सगळे घटकही हजर. इथे जे शिकू ते पुढे धानाच्या तणशीसाठी उपयोगी पडेल. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात तणीस भरपूर आहे. तिच्यातली झायलोज साखर मूळ झायमोमोनास खात नाही, पण १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी जनुकं घालून त्याला ती खायला शिकवलं. अर्थात तणीसही गुरांचं खाद्य आहे, त्यामुळे तिथेही हाच हिशोब आधी करावा लागेल.

प्रस्ताव लिहिण्याआधी हे तपासा

१. कमाल उत्पादनाचा आकडा (०.५११) आणि तुमचा आकडा शेजारी शेजारी लिहिलाय का?

२. पेशी अडवणारं मेम्ब्रेन की इथेनॉल काढणारं, हे शीर्षकातच स्पष्ट आहे का?

३. अल्फासोबत त्याच तापमानाचा बाष्पीभवनाचा अल्फा दिलाय का? मेम्ब्रेनशिवायचं बाष्पीभवन हा तुमचा कंट्रोल आहे.

४. पडद्याचं क्षेत्रफळ टाकीच्या वेगाला पुरतं का?

५. कार्बनचा ताळेबंद जुळतो का? साखर गेली किती. इथेनॉल, वायू, पेशी आणि लेव्हान मिळून आले किती?

६. नकली द्रावण, पेशी काढलेला सडवा आणि खरा सडवा, तिन्हींवर मोजमाप आहे का?

७. थंडाव्याची आणि व्हॅक्यूमची वीज धरली का?

८. कच्च्या मालाचा बाजारभाव विचारलाय का, आणि कोणाला?

गृहपाठ म्हणून एक गणित: सडव्यात ५ ऐवजी ८ टक्के इथेनॉल असेल आणि अल्फा ८च राहिला, तर पलीकडे किती टक्के मिळेल आणि किलोमागे ऊर्जा किती लागेल? उत्तर साधारण ४१ टक्के आणि ४.४ मेगाज्युल यायला हवं. आलं, की लगेच पुढचा प्रश्न पडेल: पडद्यासाठी ८ टक्के चांगले, पण जीवासाठी ५ चांगले. मग टाकी नेमकी कुठे चालवायची? हा प्रश्न तुम्हाला आपणहून पडला असेल, तर तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तयार आहे.